पाळी थांबल्यानंतर हाडांची झीज: झाडपाल्याची औषधे, आहार आणि म्हैसुरातील सरकारी सोयी

पाळी कायमची बंद झाली की शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक झपाट्याने कमी होते. हाडातील जुना भाग झिजणे आणि नवा भाग तयार होणे ही क्रिया आयुष्यभर चालू असते. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर झिजण्याचा वेग भरून येण्याच्या वेगापेक्षा वाढतो. पाळी थांबल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षे ही झीज सर्वात जास्त होते. आपल्याकडे अनेक स्त्रियांची पाळी पंचेचाळीस ते पन्नास या वयात थांबते, म्हणजे घरकाम, शेतकाम, नोकरी सगळे जोरात चालू असतानाच.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. गुडघ्यातील कुर्चा झिजली तरी आपण ‘झीज’ म्हणतो आणि हाड आतून पोकळ, ठिसूळ झाले तरी ‘झीज’च म्हणतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघ्याची झीज दुखते. हाडांची ठिसूळता बहुधा दुखत नाही. ती कळते तेव्हा न्हाणीघरात घसरून मनगट मोडलेले असते, किंवा पाठीला बाक येऊन उंची कमी झालेली असते. म्हणून ‘या चूर्णाने दुखणे थांबले, म्हणजे हाडे भरली’ असे मानू नका. दुखणे थांबणे हा हाड मजबूत झाल्याचा पुरावा नाही.

कोणत्या वनस्पती, आणि त्यांचा किती उपयोग

या तक्रारीसाठी सर्वात जास्त नाव घेतले जाते ते कांडवेलीचे. संस्कृतात अस्थिसंहार, काही ठिकाणी हाडजोड, आणि म्हैसूरच्या बाजारात विचाराल तर मंगरबळ्ळी. चौकोनी, सांध्यासांध्यांची हिरवी वेल असते. मोडलेले हाड जुळण्यासाठी ती पूर्वापार वापरली जाते. प्रयोगशाळेत आणि लहान चाचण्यांत तिचा हाडांवर काही परिणाम दिसला आहे. पण पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये ती घेतल्याने पुढे हाडे मोडण्याचे प्रमाण घटते, हे मोठ्या चाचण्यांतून अजून सिद्ध झालेले नाही. डॉक्टरांनी सुचवलेल्या औषधाऐवजी ती घेऊ नये.

दक्षिणेत कोवळ्या कांडवेलीची चटणी करतात, आणि आहार म्हणून ती चांगली आहे. मात्र कच्ची चघळू नका. तिच्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे तोंडाला व घशाला खाज सुटते. हाताला तेल लावून कडा काढाव्यात, तुकडे तेलात नीट परतावेत आणि चिंच घालून वाटावेत. मूतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज खाऊ नका.

लाक्षा गुग्गुळ या गोळीत लाख, कांडवेल, अर्जुनसाल, अश्वगंधा, नागबला आणि गुग्गुळ असतात. वैद्य ती देतात तेव्हा प्रकृती पाहून देतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गुग्गुळाबद्दल डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. थायरॉईडची गोळी चालू असेल किंवा यकृताचा आजार असेल तर अश्वगंधा स्वतःहून सुरू करू नका. शतावरीचे काही घटक इस्ट्रोजेनसारखे काम करू शकतात, त्यामुळे स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांनी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढतो.

पुडीवर नाव नसेल तर

सर्वात मोठा धोका या वनस्पतींचा नाही. तो आहे दारावर, जत्रेत किंवा फोनवर विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या चूर्णांचा. दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या अशा काही पुड्यांमध्ये स्टिरॉइडची भेसळ सापडते. स्टिरॉइडने सूज व वेदना पटकन उतरते, पण काही महिने पोटात गेले तर तेच हाडे पोखरते. म्हणजे हाडांसाठी घेतलेल्या औषधानेच हाडे जातात. चेहरा गोल सुजणे, साखर किंवा रक्तदाब अचानक वाढणे, कातडीवर सहज काळेनिळे डाग पडणे ही त्याची लक्षणे आहेत. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर ती एकदम बंद करू नका, कारण स्टिरॉइड अचानक थांबवणेही धोक्याचे असते. पुडी हातात घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

औषध घेताना उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची अंतिम तारीख पाहा. यातले काही नसेल तर घेऊ नका.

गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये तुमच्या खात्यात येतात (ही योजना ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसुरातच सुरू झाली). त्यातून ‘हाडांचा कोर्स’ म्हणून हजार-दीड हजाराचा डबा घेण्यापेक्षा दूध, तीळ, अंडी आणि गरज असल्यास तपासणी यावर खर्च केलेला बरा.

ताटात काय असावे

पाळी थांबलेल्या स्त्रीला दिवसाला साधारण १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. म्हैसुरात राहणाऱ्यांना हे तसे सोपे आहे. इथली रागी म्हणजे आपली नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि दक्षिण कर्नाटकात ती रेशनवरही दिली जाते. रागी मुद्दे जमत नसेल तर भाकरी करा, आंबील करा. मोड आणून दळलेल्या नाचणीतील कॅल्शियम अंगी अधिक लागते. सालासकट तिळातूनही चांगले कॅल्शियम मिळते. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळात ते फार कमी असते, आणि सालातल्या ऑक्झलेटमुळे सगळेच पचनी पडत नाही. तिळगूळ असो की इथला एळ्ळु-बेल्ला, संक्रांतीपुरता ठेवू नका. शेवग्याचा पाला, दही, ताक आणि पेलाभर दूध यांनी बाकीची भर निघते.

रोज थोडे ऊन, चालणे, आणि झेपेल तेवढे वजन उचलणे हेही लागते. हाडाला भार मिळाला तरच ते टिकते.

कॅल्शियम व ड-३ जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तर जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीनंतर किमान चार तासांनी घ्या. लोहाच्या गोळीसोबतही घेऊ नका. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली असेल तर ती सकाळी उपाशीपोटी फक्त साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. काढा, दूध, चहा त्यासोबत चालत नाही, आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही.

कुठे जायचे

आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा नम्म क्लिनिकमध्ये जा. आयुर्वेदिक उपचार हवे असतील तर म्हैसुरात १९०८ पासूनचे सरकारी आयुर्वेद महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. तिथे नोंदणीकृत वैद्य तपासतात. शक्ती योजनेमुळे कर्नाटकात राहणाऱ्या स्त्रियांना राज्याच्या साध्या सरकारी बसने जाण्याचे भाडे लागत नाही. पत्ता दाखवणारे ओळखपत्र जवळ ठेवा.

हाड मोडून शस्त्रक्रियेची वेळ आली तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना उपयोगी पडते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळतात. आधार आणि रेशन कार्ड सोबत न्या. तातडीची वेळ नसेल तर खासगी रुग्णालयासाठी आधी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. दुकानातून घेतलेल्या चूर्णाचे किंवा गोळ्यांचे पैसे या कार्डावर मिळत नाहीत.

साध्या पडण्याने आधी हाड मोडले असेल, पाळी पंचेचाळिशीच्या आत थांबली असेल, गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली असतील, आईचे खुब्याचे हाड मोडले असेल किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेतले असेल, तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. जाताना घरात चालू असलेली सगळी औषधे, काढे आणि चूर्णांच्या पुड्या एका पिशवीत घालून न्या.