पाळीचं दुखणं आणि पोटातला चिकटपणा

‘पाळीत दुखतंच गं, लग्न झालं की थांबेल.’ सिलतऱ्याच्या कारखान्यांजवळच्या वस्तीत काय किंवा पुण्यात काय, हा सल्ला मुलींना सगळीकडे ऐकायला मिळतो. पण दर महिन्याला शाळा-कॉलेज बुडावं, शौचाला जाताना किंवा संबंधांच्या वेळी कळ यावी, असं दुखणं नेहमीचं नसतं. त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो.

आपल्या पोटाच्या पोकळीत जेमतेम चमचा-दोन चमचे द्रव असतो. त्यामुळे आतडी, बीजकोश, गर्भाशय एकमेकांवरून अलगद सरकतात. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखे पेशीसमूह बाहेर रुजतात आणि तिथे दाह सुरू होतो. संरक्षक पेशी धावून येतात आणि इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, टीएनएफ-अल्फा असे दाहकारक रेणू त्या द्रवात सोडतात. म्हणजे बोलावलेले राखणदारच घर पेटवतात!

जखमेवर फायब्रिनचं चिकट जाळं तयार होतं. एरवी शरीर ते काही दिवसांत विरघळवतं. पण दाह टिकून राहिला की ही विरघळवण्याची ताकद मंदावते. मग जाळ्यात कोलॅजन साठतं, रक्तवाहिन्या शिरतात आणि कायमचा पट्टा तयार होतो. बीजकोश आतड्याला चिकटतो, गर्भनलिका मुडपते. गर्भधारणा अडते, ती अनेकदा इथेच. सिझेरियन, अपेंडिक्सचं ऑपरेशन किंवा पोटाचा क्षयरोग यांनंतरही असे पट्टे तयार होतात.

साध्या सोनोग्राफीत हे पट्टे बहुतेक वेळा दिसत नाहीत. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचं आहे’ असं ऐकून कितीतरी जणी गप्प बसतात, याचा मला खरंच राग येतो. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांना ‘एंडोमेट्रिओसिस असेल का?’ असं थेट विचारा. गरज पडल्यास एमआरआय किंवा लॅप्रोस्कोपी करतात. दुर्बिणीतून पट्टे सोडवता येतात, पण ते पुन्हा होऊ शकतात. म्हणून मूल लगेच नको असेल तर हार्मोनच्या गोळ्यांनी आजार दाबून ठेवतात. गरम पाण्याच्या पिशवीने आराम पडतो, मात्र शेक किंवा मालिश यांनी आतले पट्टे सुटत नाहीत. बाळंतपण हाही यावरचा इलाज नव्हे.

या आजारावरचं जनुकीय संशोधन आजवर प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या स्त्रियांवर झालं. आता मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने देशातल्या अनेक रुग्णालयांना सोबत घेऊन भारतीय स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला आहे.

डॉक्टरांकडे जाताना तीन महिन्यांची नोंद मोबाइलमध्ये ठेवा: दुखणं कोणत्या तारखेला सुरू झालं, कुठे होतं, किती गोळ्या लागल्या, कोणतं काम राहून गेलं. पाच मिनिटांच्या तपासणीत सगळं आठवेलच असं नाही.