मण्यांचा भार

तुळजापुरात, जगदंबेच्या ओटीचे खण विकणाऱ्या दुकानांच्या मागील गल्लीत, आरीकाम करणाऱ्या एका बाईंच्या पुढच्या खोलीत मी दुपारभर बसलो होतो. लाकडी चौकटीवर नगाऱ्याच्या कातड्याप्रमाणे ताणलेल्या ब्लाउजच्या डाळिंबी रेशमावर खाक्याच्या, म्हणजे टोचलेल्या कागदी नमुन्याच्या, छिद्रांतून नक्षी उतरली होती. बाईंचा डावा हात कापडाखाली दोरा धरून अदृश्य होता आणि उजव्या हातातील आकडीदार आरी, अंगावर मणी चढवून, कापडात शिरत होती व खालच्या दोऱ्याचा फास मण्याच्या छिद्रातून वर ओढून पुढच्या टाक्यास सिद्ध होत होती. “शेवटची गाठ पक्की बसली न्हाई, तर अख्खी ओळ उसवती बघा,” त्या म्हणाल्या.

हे आकडीचे भरतकाम अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेले. पुढे फ्रान्समधील ल्युनेव्हिलचे कारागीर त्याच आकडीने कापडाच्या उलट बाजूने मणी टाकू लागले. 1920 नंतरच्या दशकात घट्ट कॉर्सेट टाकून, केस कातरून, गुडघ्याशी आलेल्या झग्यात चार्लस्टन नाचणाऱ्या फ्लॅपर युवतींचे चमचमते पोशाख याच तंत्राने सजले. कंबर मोकळी झाली, परंतु काचमण्यांचा सारा भार तलम कापडाच्या दोन खांद्यांवर आला. म्हणूनच संग्रहालये हे झगे टांगत नाहीत, आडवे ठेवतात.

आमच्याकडे मण्यांची आवड जुनीच. याच जिल्ह्यातील तेर, म्हणजे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी वृत्तांतातील तगर, येथून कापड भडोचला जाई, आणि तेथील प्राचीन मणी लामतुरे संग्रहालयात पाहावयास मिळतात. तथापि निजामी अंमलातील कष्टकरी स्त्रीची चोळी खणाची, पुढे गाठ मारावयाची. नक्षी मागावरच विणलेली असल्याने दगडावर आपटून धुतली तरी तिला धक्का नसे. नऊवारीची पाचवारी झाली, गाठीच्या जागी हूक आले, आणि आता पाठ व बाही ही नक्षीची मोक्याची ठिकाणे ठरली आहेत. बाईंनी रेशमाखाली सुती अस्तर घेतले होते, मण्यांचा भार त्याने पेलावा म्हणून.

असा ब्लाउज दगडावर आपटता येत नाही, रानात खुरपताना घालता येत नाही. तो अंगावर चढवणारी स्त्री, मग ती पॅरिसची असो वा परंड्याची, निदान तेवढा वेळ तरी आपल्यावर कामाची सक्ती नाही, असे चारचौघांत जाहीर करीत असते.