शेवटचे पोते शिवल्यानंतर

श्रोतेहो, हंगाम संपत आला, की गव्हाणीतली शेवटची मोळी सगळ्यांना दिसते. पण कारखान्याचे शेवटचे पोते कुणी पाहिले आहे का? जुन्नर तालुक्यात शिरोलीचा विघ्नहर आणि आंबेगावात पारगावचा भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने. कुकडी आणि घोडच्या पाण्यावर वाढलेला आपला ऊस तिथे जातो. उसाचे गाळप थांबले, तरी साखर भरण्याचे काम लगेच थांबत नाही. आत उरलेल्या पाकाची साखर व्हायला आणखी काही दिवस लागतात. तीही पोत्यात गेली, म्हणजे मग भरणी बंद करायची. ती कशी करतात, ते आज पाहू.

बटण दाबले की झाले, असे आपल्याला वाटेल. तसे नाही. ज्यांनी मोट हाकली, त्यांना हे चटकन उमगेल. पाणी सोडण्याआधी आपण वाफ्याचे दारे उघडतो, मग मोट धरतो. थांबवताना उलट! आधी मोट थांबते, पाटातले पाणी सरू देतो, आणि मगच दारे बुजवतो. साखरेचेही तसेच. सुरू करताना पुढचे यंत्र आधी, बंद करताना मागचे आधी. साखरेचा ओघ वरून थांबवायचा. चाळणी, हॉपर आणि पट्टा रिकामे होईपर्यंत चालू ठेवायचे. शिलाईयंत्र सगळ्यांत शेवटी. हा क्रम चुकला, तर साखर वाटेतच अडते. ती हवेतला ओलावा ओढते आणि तिचे ढेकूळ होते. पुढच्या खेपेला तेच ढेकूळ यंत्राचा घसा धरते.

आता शेवटचे पोते. पूर्वी पोते 100 किलोंचे असे, आता 50 किलोंचे भरतात. शेवटचे बहुधा अपुरेच राहते. ते पुऱ्या पोत्यासारखे शिवून थप्पीत सरकवायचे नाही. वजन करून, खूण घालून वेगळे ठेवायचे. मग हिशोब. कोरी पोती किती घेतली, किती भरली, किती फाटली, किती उरली? गोदामातल्या थप्पीचा आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे.

काट्याची परीक्षाही शेवटी पुन्हा घ्यायची. प्रमाणित वजन ठेवून पाहायचे. काटा चुकत असेल, तर मागच्या तपासणीनंतर भरलेली पोती पुन्हा तोलावी लागतात. एका पोत्यामागे 100 ग्रॅम म्हणजे ती केवढीशी चूक! पण एक लाख पोत्यांवर ती 100 क्विंटल होते. साखर जास्त गेली तर सभासदाचे नुकसान, कमी गेली तर गिऱ्हाइकाची फसवणूक. गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावे.

यानंतर सफाई. पण त्याआधी वीज तोडायची, खटक्याला कुलूप लावायचे आणि किल्ली सफाई करणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. आत हात असताना दुसऱ्याने खटका ओढला, तर बोटे जातात. आधी कोरडे झाडायचे, पाणी मागाहून. नाहीतर जागोजाग पाकाचा चिकटा बसतो. सांडलेली साखर पोत्यात टाकायची नाही. ती विरघळवून पुन्हा पाकात घेतात. शिलाईची सुई मोडली असेल, तर तिचे सगळे तुकडे सापडल्याशिवाय जागा सोडायची नाही.

साखरेची धूळ मात्र फुंकून उडवू नये. साखर गोड खरी, पण तिची बारीक धूळ हवेत दाटली आणि ठिणगी पडली, तर ती दारूसारखी भडकते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखर कारखान्यात 7 फेब्रुवारी 2008 रोजी असा स्फोट झाला आणि 14 कामगार प्राणाला मुकले. बंदिस्त पट्ट्यावरची धूळ आधी पेटली. तापलेल्या बेअरिंगने ती पेटली असावी, असे चौकशीत निघाले. पण पहिल्या हादऱ्याने साठलेली धूळ उडाली, ती पेटली, आणि आग भरणीच्या इमारतीभर पसरली. रोजची झाडलोट हा तिथे जिवाचा प्रश्न होता.

राहता राहिले गोदाम. साखर गरम असताना भरली, तर पोत्यात घाम धरते आणि दगड होते. म्हणून ती सुमारे 40 अंश सेल्सिअसच्या खाली निवल्यावर भरतात. थप्पी जमिनीला आणि भिंतीला टेकू देत नाहीत. आपल्याकडे घाटमाथ्याचा पाऊस दमदार. पावसाळी हवेत दारे उगाच उघडी ठेवायची नाहीत. मुलांना दाखवायचे असेल, तर आषाढात दोन वाट्यांत साखर घ्या, एक झाका, एक उघडी ठेवा. चार दिवसांनी दोन्हींत बोट घालून पाहा.

शेवटी नोंदवही. काय बंद केले, काय बिघडले, काय उरले, हे लिहून पुढच्या माणसाच्या हाती द्यायचे. दिवाळीनंतर यंत्र पुन्हा फिरेल, तेव्हा हीच वही त्याला वाट दाखवील. बारा-अठरा महिने राबून शेतकऱ्याने पिकवलेला ऊस शेवटी या पोत्यात येतो. त्याचे तोंड नीट शिवले गेले, तरच त्या घामाचे मोल पदरात पडते.