प्रतिकृतीची साक्ष

मूळ वस्तु आणि तिची प्रतिकृति यांत खरें कोणतें, असें विचारल्यास आमचे विद्यार्थी क्षणाचाहि विलंब न लावतां मूळ वस्तूकडे बोट दाखवितील. उत्तर बरोबर आहे, परंतु अपुरें आहे. अलीकडे संगणकाच्या साहाय्यानें मूर्ति, लेणीं व शिलालेख यांच्या हुबेहूब डिजिटल प्रतिकृति तयार होऊं लागल्या आहेत, आणि त्यांवर भरंवसा कितपत ठेवावा हा प्रश्न विद्वानांपुढें आहे. तो आमच्याच मुलखांतील उदाहरणांनीं समजावून देण्याचें येथें योजिलें आहे.

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई घ्या. यादव राजा सिंघण याचा सेनापति खोलेश्वर याच्या घराण्याचे शिलालेख तेथें आहेत. त्यांपैकीं शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० च्या लेखांत, खोलेश्वराची कन्या लक्ष्मी हिनें युद्धांत पडलेल्या आपल्या भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधल्याचें सांगितलें आहे. असले लेख अभ्यासक पुष्कळदां ठशावरून वाचतात. दगड स्वच्छ धुऊन त्यावर ओला कागद बसवावयाचा, ताठ केसांच्या ब्रशानें ठोकून तो अक्षरांच्या खांचांत दाबावयाचा, व अंमळ वाळल्यावर वरून शाईची गादी फिरवावयाची. खांचा पांढऱ्या राहतात, बाकी सारें काळें होतें. हा ठसा नक्कलच होय. तथापि त्यास कोणी खोटा म्हणत नाहीं. कारण कागद दगडास प्रत्यक्ष भिडलेला असतो व मध्यें कोणाचें मत शिरण्यास फारसा वाव नसतो. हातानें उतरून घेतलेल्या लेखाची गोष्ट निराळी. तेथें झिजलेला 'व' नकलकारास 'च' वाटला, तर कागदावर 'च'च उतरतो, आणि पुढील वाचक त्या 'च'वर इमले बांधीत बसतो!

अजिंठ्याची हकीकत याहून बोधप्रद व दुःखदहि आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानें १८४४ पासून कित्येक वर्षें तेथील चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या असतां १८६६ सालच्या आगींत चारपांच वगळून साऱ्या जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ पर्यंत तेंच काम पुनः केलें. त्यांतील पुष्कळ नकला १८८५ मध्यें साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांत आगीच्याच भक्ष्यस्थानीं पडल्या. पुढें लेडी हेरिंगहॅम यांच्या हाताखालीं नंदलाल बोस, असित हालदार आदि तरुण चित्रकार आले. त्यानंतर निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम यझदानी यांनीं छायाचित्रांचे ग्रंथ १९३० पासून प्रसिद्ध केले.

आतां या नकला शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. मूळ चित्रें कोरड्या गिलाव्यावर बहुतांशीं मातीच्या व खनिज रंगांनीं काढलेलीं. ग्रिफिथ्स यांच्या नकला मात्र तैलरंगांत. प्रत्येक पिढीनें अजिंठा आपापल्या डोळ्यांनीं पाहिला. इतकेंच नव्हे, तर चित्रें स्पष्ट दिसावीं म्हणून त्यांवर फासलेलें व्हार्निश काळवंडलें व नकलेपायीं मुळासच अपाय झाला. परंतु दुसरी बाजूहि आहे. जेथें मागाहून गिलावा गळून पडला, तेथें तीच नक्कल आज एकमेव साक्षीदार आहे. अशा वेळीं नकलेस तुच्छ लेखणें हें आमच्या मतें अविचाराचें होईल.

डिजिटल प्रतिकृतींत हात लागत नाहीं, मग तीस ठशाचाच मान कां देऊं नये? येथें थोडें थांबावें लागतें. एकाच मूर्तीचीं शेंकडों छायाचित्रें निरनिराळ्या बाजूंनीं घेतात. तोच बिंदु अनेक चित्रांत कोठें पडला हें पाहून संगणक त्याचें स्थान गणितानें काढतो. असे लक्षावधि बिंदु जोडून पृष्ठभाग उभा राहतो. पण ज्या कोपऱ्यांत उजेड पोंचला नाहीं तेथें बिंदु मिळत नाहींत व भोंक पडतें. संगणक तें गुळगुळीत भरून टाकतो. पाहणारास मोजलेला भाग कोणता व भरलेला कोणता हें कळत नाहीं. जुन्या नकलकाराचा हात निदान ओळखूं येत असे.

म्हणून २००९ च्या 'लंडन चार्टर'मध्यें, मिळालेला पुरावा व केलेलें अनुमान यांतील भेद पाहणारास कळावा, असा आग्रह धरिला आहे. इजिप्तमध्यें तुतनखामनच्या थडग्याची प्रतिकृति २०१४ मध्यें उभारली गेली. मूळ थडगें उघडतांना दक्षिणेकडील भिंतीचा जो चित्रित भाग काढला गेला, तो जुन्या छायाचित्रांवरून तयार केला खरा, परंतु भिंतींत न बसवितां वेगळा मांडला. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनीं अजिंठ्याच्या भग्न चित्रांची पूर्तता संगणकावर करण्याचें दीर्घोद्योगी काम हातीं घेतलें आहे. असल्या कामाचें मोल आम्ही मानतों. मात्र पूर्ण केलेल्या चित्राशेजारीं भग्न चित्रहि छापलेलें असावें, अशी आमची अपेक्षा आहे.

बीड शहरांतील कंकालेश्वराचें देऊळ पाण्याच्या कुंडांत उभें आहे. हल्लीं घरोघरीं कॅमेऱ्याचे फोन आहेत, तेव्हां आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं तेथील एखादें शिल्प या रीतीनें टिपण्यास हरकत नाहीं. प्रत्येक चित्रांत मागील चित्राचा निम्म्याहून अधिक भाग यावा. शेजारीं मोजपट्टी ठेवावी. तारीख व वेळ वहींत लिहावी. अक्षरें उठून दिसावीं म्हणून खडू किंवा तेल लावूं नये. ओल्या कागदाचा ठसाहि जाणत्यांवांचून घेऊं नये. आणि संगणकावर सुंदर मूर्ति तयार झाली म्हणून मूळ छायाचित्रें पुसून टाकूं नयेत. उद्यां कोणी शंका घेतल्यास दाखविण्यास तींच उपयोगी पडतील.