अख्खी यादी पुन्हा लिहू नका, फक्त बदल सांगा

हेडफोन लावलेत ना? आज माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगतो.

एका मेसच्या डब्यांसाठी मी ॲप लिहिलं होतं. डेटाबेस मोंगोडीबी. प्रत्येक ग्राहकाचं एक डॉक्युमेंट आणि त्यात 'वर्ज्य' नावाचा ॲरे, म्हणजे काय खायचं नाही त्याची यादी. एका घरात आईने तिच्या फोनवरून 'शेंगदाणे' टाकलं, त्याच वेळी मुलाने त्याच्या फोनवरून 'वांगं'. यादीत उरलं फक्त वांगं. आणि ॲलर्जी होती शेंगदाण्यांची! दुसऱ्या दिवशी भाजीत दाण्याचं कूट. आईने डबा उघडताच ओळखलं, म्हणून निभावलं.

झालं काय होतं? माझा कोड आधी यादी वाचायचा, तिच्यात भर घालायचा आणि अख्खी यादी परत लिहायचा. दोन्ही फोनच्या वेळी वाचली गेली ती जुनी, रिकामी यादी. मग ज्याचं नंतर लिहिलं गेलं, त्याचंच राहिलं.

उपाय सोपा आहे. यादी स्वतः लिहू नका, काय बदलायचं ते डेटाबेसला सांगा. 'डॉलर पुश' म्हणजे शेवटी एक भर घाल. 'डॉलर ॲड टू सेट' म्हणजे आधीच नसेल तरच घाल. 'डॉलर पुल' म्हणजे जुळेल ते काढून टाक. मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटवरचा बदल ॲटॉमिक असतो, त्यामुळे दोघांनी एकदम पाठवलं तरी दोन्ही नोंदी टिकतात. मी 'ॲड टू सेट' वापरलं.

आता समजा, ॲरेत ऑर्डरी आहेत आणि एकीचंच स्टेटस बदलायचंय. मग शोधताना ऑर्डरचा नंबर द्या आणि बदलताना 'ऑर्डर्स डॉट डॉलर डॉट स्टेटस' लिहा. तो मधला डॉलर म्हणजे 'जी सापडली ती'. पण सांभाळून हं, तो पहिलीच जुळणारी ऑर्डर बदलतो. जुळणाऱ्या सगळ्या बदलायच्या तर ३.६ आवृत्तीपासून 'ॲरे फिल्टर्स' आहेत.

शेवटचं एक: डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा असते. वर्षानुवर्षं वाढत जाणाऱ्या ऑर्डरी ॲरेत कोंबू नका, त्यांना वेगळं कलेक्शन द्या.

आज घरी गेलात की तुमचा कोड उघडा. अख्खा ॲरे परत लिहिणारी एखादी ओळ सापडतेय का बघा. भेटू पुढच्या भागात!