चुलीपाशी भरणारी शाळा

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने निघाले की कासारवडवली, ओवळे, गायमुख ही गावे लागतात. आज तिथे उंच इमारती दिसतात. पण हा पट्टा मूळचा भातशेतीचा. ठाणे जिल्ह्यातला शेतकरी पावसाळ्यापूर्वी रोपाच्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून राब भाजत आला. हे कशासाठी, असे मुलाने विचारले तर आपण म्हणतो, ‘वाडवडील करत आले म्हणून.’ वाचकहो, मुलाला या उत्तरावर थांबवू नका. त्याला करून पाहू द्या.

घमेल्यात शेतातली ओलसर माती घेऊन चुलीवर अर्धा तास तापवा आणि गार होऊ द्या. दुसऱ्या भांड्यात तीच माती न तापवता घ्या. दोन्हींना पाणी व ऊन सारखे द्या. पंधरा दिवसांनी कशात किती तण उगवले ते मुलाने मोजून वहीत लिहावे. उष्णतेने तणाचे बी मरते, हे मग त्याला पाठ करावे लागणार नाही. राबाची धग जमिनीत किती खोल जाते, हा पुढचा प्रश्न तो आपणच विचारील.

दुसरा प्रयोग मुलींसह साऱ्या घराने करावा. एक लिटर पाणी एकदा वाळलेल्या लाकडावर आणि एकदा ओल्या लाकडावर उकळा. दोन्ही वेळा लाकूड तोलून घ्या. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातलेच पाणी आटवण्यात जाते. धूर म्हणजे पुरते न जळलेले जळण. ते डोळ्यांत आणि छातीत जाते.

आणखी एक हिशेब पाहा. ३० अंशांचे लिटरभर पाणी उकळीला आणायला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते; त्याच पाण्याची पुरी वाफ करायला सुमारे ५४०. उघड्या भांड्यात पाणी कितीही खळखळले तरी ते उकळीपेक्षा जास्त तापत नाही. म्हणून उकळी फुटली की झाकण ठेवा आणि लाकडे मागे ओढा. डाळ तेवढ्याच वेळात शिजेल, मोळी मात्र जास्त दिवस पुरेल.

हाताने शिकण्याची ही रीत डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिक्षणात आणली. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेल्या या शास्त्रज्ञाने १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन अशी गावाच्या उपयोगाची कामे करत शास्त्र शिकू लागली. शाळेत मागे पडलेला मुलगा कामात मागे असतोच असे नाही, हे तिथे दिसले.

मात्र आगीशी खेळ नको. मोठे माणूस जवळ हवेच. अंगात सुती कपडे, पदर खोचलेला, शेजारी पाण्याची बादली. रॉकेल बिलकूल वापरू नये. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. शाई, दंतमंजन लावू नका. भाजणे मोठे असेल तर लगेच दवाखाना गाठा.

येत्या सुट्टीच्या दिवशी एक वही आणि एक तराजू चुलीपाशी ठेवा. किती जळण लागले, ते मुलांनाच लिहू द्या.