पोलादाचे म्हातारपण

टिकाऊपणाची गोष्ट निघाली की आपल्या तोंडी पहिले नाव लोखंडाचे येते. अवघड कामाला आपण लोखंडाचे चणे म्हणतो, ठाम माणसाला पोलादी म्हणतो. आजोबांच्या हातची पहार नातूही वापरतो. त्यामुळे पोलाद एकदा घडवले की ते कायमचे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. अंगणातल्या पहारीपुरती ती ठीक आहे. परंतु जेथे पोलादाला रात्रंदिवस आगीत, वाफेत आणि दाबाखाली उभे राहावे लागते, तेथे त्यालाही वय असते. ते थकते, झिजते, ठिसूळ होते आणि वेळीच लक्ष दिले नाही तर फुटते. आपण बटण दाबतो आणि घरात दिवा लागतो. तो ज्या पोलादाच्या जिवावर लागतो, त्याच्या म्हातारपणाची ही हकीकत आहे.

कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, नाशिकजवळचे एकलहरे, ही आपली कोळशावर चालणारी वीज केंद्रे. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. आणि आपल्या कोल्हापूर भागातले कितीतरी साखर कारखाने बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, जाळून वीज करतात. या सर्वांचे मर्म एकच : पाणी तापवायचे, त्याची वाफ करायची, त्या वाफेने टर्बाइन फिरवायचे. आग कोळशाची असो, चिपाडाची असो वा अणूची असो, ती वाफ कोंडून धरतात त्या पोलादाच्याच नळ्या आणि पोलादाचीच टाकी.

आता हे पोलाद असते कसे? आपल्या गुळाची ढेप फोडून पाहा. आत बारीक बारीक कणी दिसते. पोलादही असेच कणीदार असते, फक्त त्याची कणी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. दगडी भिंतीत जसे दगड आणि त्यांमधल्या दरजा, तसे पोलादात कण आणि त्यांच्या शिवा. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पोलादाचे पुष्कळसे दुखणे या शिवांतूनच सुरू होते.

लोखंडात थोडा कार्बन असला की पोलाद होते. लोहार विळ्याला पाणी देतो, तेव्हा हा कार्बनच त्याला धार टिकवण्याचा कडकपणा देतो. परंतु बॉयलरला एवढ्याने भागत नाही. म्हणून पोलादात क्रोमियम, मॉलिब्डेनम, निकेल असे दुसरे धातू मिसळतात. त्याला मिश्रपोलाद म्हणतात. क्रोमियम गंजापासून राखते, मॉलिब्डेनम उष्णतेत बळ देते. स्टेनलेसच्या ताटावांटीत साधारण 18 टक्के क्रोमियम असते. हवा लागताच त्याचा एक पापुद्रा पृष्ठभागावर धरतो. माणसाच्या केसाच्या दहा हजाराव्या भागाहूनही तो पातळ असतो, पण ओरखडा पडला तर आपला आपण पुन्हा भरून येतो. स्टेनलेस गंजत नाही ते या पापुद्र्यामुळे.

असे हे उत्तम पोलाद. मग ते म्हातारे का होते?

पहिले दुखणे उष्णतेचे. आमच्या शिवाजी पेठेत तालमीची परंपरा मोठी. एखाद्या पैलवानाला जड मुदगल फिरवायला सांगा, तो आनंदाने फिरवील. पण तेच मुदगल हात लांब करून तासभर धरून उभा राहा म्हटले, तर हात हळूहळू खाली येऊ लागेल. वजन वाढलेले नाही, वेळ वाढला आहे. जुन्या घराची तुळई अशीच वर्षानुवर्षांच्या भाराने बाकते. थंड पोलाद असे सहसा करीत नाही. पण मोठ्या वीज केंद्रात वाफ सुमारे 540 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. एवढ्या उष्णतेत लोखंड अंधारात मंद लालसर दिसू लागते. त्या अवस्थेत आतल्या वाफेच्या दाबाने नळी वर्षाला केसभर केसभर फुगत जाते. तिच्या कणांच्या शिवांवर सूक्ष्म पोकळ्या पडतात, त्या मण्यांसारख्या ओळीत येतात, मग ओळीची चीर होते, आणि एक दिवस नळी फाटते.

अशा भागांचा हिशेब पूर्वीपासून तासांवर ठेवतात. एक लाख तास हा त्यातला नेहमीचा आकडा. अखंड चालले तर साडेअकरा वर्षांच्या आत एक लाख तास भरतात. नीट वागवले तर भाग त्याहून पुष्कळ अधिक टिकतो. पण नळी ठरल्यापेक्षा नुसती दहा-पंधरा अंश सतत जास्त तापत राहिली, तरी तिचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते. ती जास्त तापते कशाने? पाणी तापवायचा बंब आठवा. आत क्षारांचे किटण धरले की लाकूड जास्त लागते आणि पाणी उशिरा तापते. बॉयलरच्या नळीतही तसाच थर धरतो, आतली वाफ-पाणी नळीला पुरेसे थंड ठेवू शकत नाही, आणि पोलाद भाजत राहते. म्हणून बॉयलरला वाटेल ते पाणी चालत नाही. ते शुद्ध करून आणि त्यातला प्राणवायू काढूनच आत सोडावे लागते.

दुसरे दुखणे झिजेचे. आपल्याकडच्या कोळशात राख फार, शंभर किलोत तीस-चाळीस किलो राख असणे नवलाचे नाही. ही राख धुराबरोबर वाळूसारखी नळ्यांवर आदळते आणि त्या बाहेरून घासल्या जातात. आतून पाणीही नळीला खाते. नदीच्या वळणावर काठ कसा खचतो ते आपण पंचगंगेकाठी पाहतो. साध्या पोलादाच्या नळीत आतल्या बाजूस एक काळा संरक्षक थर असतो. जेथे नळी वळते किंवा अरुंद होते, तेथे वेगवान गरम पाणी हा थर विरघळवीत जाते. थर पुन्हा धरतो, पुन्हा विरघळतो, आणि नळीची जाडी कमी होत जाते.

याचा दाखला जपानमधला आहे आणि तो विसरू नये असा आहे. मिहामा येथील तिसऱ्या क्रमांकाच्या अणुवीज केंद्रात 9 ऑगस्ट 2004 रोजी गरम पाण्याची एक मोठी नळी अचानक फाटली. त्या पाण्यात किरणोत्सार नव्हता, अणुभट्टीशी त्या नळीचा थेट संबंध नव्हता. पण उसळलेल्या पाण्याने आणि वाफेने भाजून पाच कामगार गेले, सहा जखमी झाले. नवी असताना ती नळी 10 मिलिमीटर जाड होती. फाटली तेव्हा त्या जागी दीड मिलिमीटरही उरली नव्हती. केंद्र 1976 साली सुरू झाले होते, आणि या 28 वर्षांत त्या जागेची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती. तपासणीच्या यादीतून ती जागा सुटून गेली होती, एवढेच. आणि ते कामगार तेथे जमले होते ते येऊ घातलेल्या ठरावीक तपासणीच्या तयारीसाठी! त्या पोलादात क्रोमियमचा थोडा अंश असता, तर झीज पुष्कळ मंदावली असती. वेळेवर जाडी मोजली असती, तर नळी बदलता आली असती.

तिसरे दुखणे शिणाचे. तार एकदा वाकवली तर मोडत नाही, दहा-वीस वेळा इकडेतिकडे वाकवली की तुटते. बॉयलर पेटवला की त्याचे जाड भाग प्रसरण पावतात, विझवला की आक्रसतात. पूर्वी ही केंद्रे महिनोन्‌महिने एका लयीत चालत. आता दिवसा सौर वीज भरपूर येते, म्हणून कोळशाच्या केंद्रांना दुपारी भार उतरवावा लागतो आणि संध्याकाळी पुन्हा चढवावा लागतो. जुन्या पोलादाला हा नवा शीण आहे.

चौथे दुखणे समजून घ्यायला तारापूरला जाऊ. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 साली वीज देऊ लागल्या. भारतातले हे पहिले अणुवीज केंद्र. येथे अणुभट्टीच्या टाकीतच सुमारे 285 अंशांवर, हवेच्या सत्तर पट दाबाखाली पाणी उकळते, आणि ते पाणी फिरवणाऱ्या मोठ्या नळ्या स्टेनलेस पोलादाच्या होत्या. तुम्ही म्हणाल, स्टेनलेस तर गंजत नाही! बरोबर. पण नळ्या जोडायच्या म्हणजे वेल्डिंग आले. वेल्डिंगच्या जवळचा पट्टा तापून हळूहळू निवतो, त्या वेळी पोलादातला कार्बन आसपासच्या क्रोमियमला ओढून कणांच्या शिवेवर गोळा करतो. उसाच्या फडाचे सारे राखणदार बांधावर एका जागी गप्पा मारीत बसले तर लगतचा फड उघडा पडतो, तसाच शिवेलगतचा पट्टा क्रोमियमविना उघडा पडतो. वरून ताट लखलखीत दिसावे, तशी नळी दिसते, आणि आत चीर मात्र शिवाशिवांनी पुढे सरकत असते.

या चिरेला तीन गोष्टी एकत्र लागतात. बी रुजायला जसे बी, माती आणि ओल लागते, तसे येथे दुबळे पडलेले पोलाद, त्यावरचा ताण आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू. ताण वेल्डिंगनेच मागे ठेवलेला असतो. प्राणवायू किरणांच्या माऱ्याने पाण्याचेच विघटन होऊन तयार होतो. तिघांपैकी एकाला काढा, चीर थांबते. म्हणून पुढे कार्बन अगदी कमी असलेले स्टेनलेस वापरात आले. अमेरिकेत याच जातीच्या अणुभट्ट्यांत 1974 साली अशा चिरा सापडल्या आणि जगभर तपासण्या सुरू झाल्या. तारापूरलाही वयाची किंमत मोजावी लागली. वाफ तयार करणाऱ्या दुय्यम यंत्रांच्या नळ्यांना गळती लागल्याने ती यंत्रे बाजूला काढावी लागली, आणि प्रत्येक अणुभट्टीची क्षमता 1980 नंतरच्या दशकात 210 मेगावॉटवरून 160 वर आणण्यात आली. पुढे 2020 साली पाणी फिरवणाऱ्या नळ्या बदलून अधिक गंजरोधक पोलादाच्या बसवण्यासाठी दोन्ही अणुभट्ट्या दीर्घ काळ थांबवण्यात आल्या. वीज बंद म्हणजे पैशाचे नुकसान, पण म्हाताऱ्या नळीवर भरवसा ठेवण्यापेक्षा ते परवडले.

पाचवे दुखणे फक्त अणुभट्टीतले. कॅरमच्या मधल्या सोंगट्यांवर स्ट्रायकर आदळला की त्या विस्कटतात. अणूच्या विघटनातून सुटणारे न्यूट्रॉन टाकीच्या पोलादातील अणूंना असेच जागेवरून हलवतात, वर्षानुवर्षे. पोलादात तांब्याचा किंचित अंश असला तर त्याचेही पुंजके बनतात. परिणाम असा, की पोलाद कडक होते आणि ठिसूळही. गरम पाकाची तार ओढली तर ताणते, तीच गार झाली की कटकन मोडते. पोलादाचेही तसेच, एका तापमानाखाली ते वाकण्याऐवजी तुटते. न्यूट्रॉनच्या माऱ्याने हे तापमान वर वर सरकत जाते. म्हणून जुनी अणुभट्टी थंड करताना आणि पुन्हा सुरू करताना तापमान व दाब यांची सांगड फार जपून घालावी लागते.

नळी बदलता येते, टाकी बदलता येत नाही. मग तिचे वय कसे कळावे? यावरचा उपाय सुरेख आहे. अणुभट्टी सुरू करतानाच त्याच पोलादाचे छोटे तुकडे आत टांगून ठेवतात. ठरावीक वर्षांनी त्यांतले काही बाहेर काढून लंबकासारख्या हातोड्याने मोडतात, आणि मोडायला किती जोर लागला ते मोजतात. हे तुकडे टाकीपेक्षा आगीच्या अधिक जवळ टांगलेले असतात. त्यामुळे टाकीचे उद्याचे म्हातारपण त्यांच्यात आजच दिसते.

इतर भागांसाठीही अशा परीक्षा आहेत. मडके घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तसा पोलादात कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून तो कोठून परत येतो ते पाहतात. त्यावरून जाडी आणि चीर दोन्ही कळतात. रंगीत द्रव लावून पुसला की बारीक चिरेत तो अडकून रेघ दिसते. गरम नळीच्या गुळगुळीत केलेल्या भागाचा पातळ ठसा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की शिवांवरच्या पोकळ्या मोजता येतात.

तेव्हा पोलाद फुटले म्हणजे दैव आडवे आले, असे क्वचितच असते. बहुतेक वेळा ते आधी कितीतरी वर्षे सांगत असते, विचारणारा मात्र हवा. हे फक्त तारापूरला किंवा चंद्रपूरला लागू आहे असे नाही. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. आपल्या देशात 1923 साली बॉयलरचा कायदा झाला आणि 2025 साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, बॉयलरची ठरावीक मुदतीने तपासणी त्यात आहेच. पण बॉयलरपुढे उभा असतो तो कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी भाऊ. हंगाम लांबला, ऊस उभा आहे, एवढे पंधरा दिवस निघू द्या, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा मिहामाची ती न मोजलेली नळी आठवावी. कारखान्याचे सभासद आपणच आहोत. वार्षिक सभेत दराबरोबर बॉयलरच्या तपासणीचाही प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात दोन प्रयोग जरूर करून दाखवावेत. एक, तार किती वेळा वाकवल्यावर तुटते ते मुलांकडून मोजून घ्यावे, आणि तुटण्याआधी ती जागा बोटाला कशी गरम लागते तेही पाहू द्यावे. दुसरा, एक खिळा साध्या पाण्यात आणि एक खिळा उकळून गार केलेल्या पाण्यात, वर तेलाचा थर देऊन, आठवडाभर ठेवावा. पहिला गंजेल, दुसरा जवळजवळ तसाच राहील. बॉयलरच्या पाण्यातून प्राणवायू का काढतात, हे मग फळ्यावर लिहून सांगावे लागणार नाही. आणि त्या मुलांतला एखादा उद्या बॉयलरपुढे उभा राहिला, तर नोंदवहीतला तापमानाचा आकडा तो अंदाजाने भरणार नाही, मोजून भरील.